ग्रिल झकास, पण हॉपर म्हणजे डोक्याला ताप

ह्यूस्टनला हा पेलेट ग्रिल (दाबलेल्या लाकडी भुशाच्या गोळ्या, म्हणजे पेलेट्स, जाळून चालणारा) घेऊन दीड वर्ष झालं, चव आणि धुराबद्दल तक्रार शून्य. पण ज्याने हॉपर (पेलेट्स भरायची पेटी) डिझाइन केला त्याने स्वतः कधी रात्रभर ब्रिस्केट (तासन्तास मंद आचेवर शिजवायचं बीफ) लावलेलं नसणार! आतला उतार इतका कमी की मधले पेलेट्स ऑगरमध्ये (पेलेट्स आगीकडे ढकलणाऱ्या फिरत्या स्क्रूमध्ये) जाऊन खड्डा पडतो आणि कडेचे तसेच चिकटून बसतात, म्हणजे बघावं तर हॉपर निम्मा भरलेला आणि खाली ऑगर रिकामाच फिरतोय. मागच्या महिन्यात २२५ फॅरनहाइटवर लावून झोपलो, पहाटे चारला बघतो तर आग विझलेली, ग्रिल गार आणि दुपारी आठ माणसं जेवायला. आता अधूनमधून उठून काठीने ढवळतो, आमटी ढवळावी तसं.

हॉपर १८ पौंडांचा, पेलेट्सची पिशवी २० ची, का ते देव जाणे. खाली रिकामं करायला दार नाही, हिकरी लाकडाचे पेलेट्स काढून ॲपलचे भरायचे तर मगाने उपसत बसा. झाकणाला रबर नाही, एकदा पावसाचं पाणी शिरलं, पेलेट्स फुगून भुसा झाला, ऑगर जाम, अख्खा रविवार स्क्रू खोलण्यात गेला (बायको हसत होती ते वेगळंच).

घेणार असाल तर दुकानात आधी हॉपरचं झाकण उघडून बघा, वायफाय नंतर.