कॉलेज रोडवरचा मुलाखत-तयारी वर्ग: रविवारसाठी जा, शनिवारच्या वहीसाठी नको

नाशिकमध्ये मे-जून आले की डिप्लोमा, आयटीआय आणि इंजिनिअरिंगची मुलं सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतल्या कंपन्यांमध्ये मुलाखतींना निघतात आणि शहरात ‘इंटरव्ह्यू प्रिपरेशन’च्या जाहिराती लागतात. त्यातल्या कॉलेज रोडवरच्या एका वर्गाबद्दल हे परीक्षण आहे. वर्ग शनिवार-रविवारचा. शनिवारी नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं शिकवतात, छापील वही देतात. रविवारी प्रत्येकाची सराव मुलाखत होते. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो: या वर्गाचा रविवार फीच्या दुप्पट मोलाचा आहे, आणि शनिवारची वही जशीच्या तशी पाठ केली तर नुकसान करणारी आहे.

आधी वही. ‘स्वतःबद्दल सांगा’ या पहिल्याच प्रश्नाला तिच्यात जे उत्तर दिलंय त्यात नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, घरात किती जण, दहावी-बारावीचे टक्के आणि शेवटी छंद आहेत. यातलं बहुतेक समोरच्या माणसाच्या हातातल्या बायोडेटावर असतंच. मुलाखत घेणाऱ्याला या प्रश्नातून पुढचे प्रश्न कुठून सुरू करायचे ते ठरवायचं असतं, आणि वहीतलं उत्तर त्याला एकही धागा देत नाही. चांगल्या उत्तरात चार गोष्टी पुरतात. तुम्ही आज काय आहात (शाखा आणि पास झाल्याचं वर्ष), स्वतःच्या हातांनी काय केलंय (प्रोजेक्ट, इन-प्लांट ट्रेनिंग, अप्रेंटिसशिप), त्यातून निघालेला एक मोजता येणारा परिणाम, आणि हीच जागा का हवी. हे सगळं साठ ते सत्तर सेकंदांत बसतं, म्हणजे कागदावर साधारण 130 ते 150 शब्द. दोन मिनिटांच्या पुढे गेलात तर समोरचा मध्येच थांबवतो.

आणि थांबवलं की पाठ केलेलं उत्तर कोलमडतं. वाक्यांच्या साखळीत पाठ केलेला मजकूर मधूनच पकडता येत नाही, मुलं पुन्हा पहिल्या वाक्यावर जातात, नजर छताकडे जाते आणि आवाज सपाट होतो. शिवाय एकाच दिवशी एकाच वर्गातली पाच मुलं एकाच कंपनीत गेली, तर ‘मी परफेक्शनिस्ट आहे, हीच माझी उणीव’ हे उत्तर पॅनेलला पाच वेळा ऐकावं लागतं. पाचव्याचं काय होत असेल ते सांगायला नको. म्हणून वही घ्या, पण फक्त प्रश्नांसाठी. उत्तरं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच-सहा शब्दांत लिहा आणि प्रत्येक वेळी वेगळ्या वाक्यांत तीनदा मोठ्याने बोला. मनात वाचलेलं उत्तर तोंडात बसत नाही.

उणिवेच्या प्रश्नाला खरी पण कामाच्या गाभ्यातली नसलेली उणीव सांगावी, आणि ती भरून काढायला काय चाललंय तेही सांगावं. क्वालिटीच्या जागेसाठी ‘एक्सेलमध्ये पिव्होट टेबल जमत नव्हतं, आता रिजेक्शनचा डेटा त्यातच लावतो’ हे चालतं. ‘मोजमाप घेताना घाई होते’ हे नाही. मात्र एक्सेल म्हटलंत तर समोर लॅपटॉप सरकवला जाऊ शकतो, हे धरून चाला.

शनिवारचा सर्वांत चांगला तास दुपारचा असतो, प्रसंगांचा. ‘अडचण कशी सोडवली’, ‘चूक झाली तेव्हा काय केलं’, ‘सहकाऱ्याशी मतभेद’, ‘कमी वेळात काम’, ‘नवीन काही शिकलात का’, ‘काय सुधारणा केली’ असे सहा खरे प्रसंग तयार ठेवले की वहीतले वीसेक प्रश्न त्यांतच सुटतात. प्रसंग सांगायची परिस्थिती, जबाबदारी, कृती, परिणाम ही चौकट वर्गात नीट शिकवतात. वेळेची वाटणी मात्र सांगत नाहीत, आणि बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. निम्मा वेळ परिस्थिती रंगवण्यात जातो आणि कृती एका वाक्यात उरकते. नव्वद सेकंद असतील तर परिस्थितीला पंधरा, जबाबदारीला दहा, कृतीला पंचेचाळीस आणि परिणामाला वीस सेकंद द्यावेत.

सीएनसी टर्निंगच्या (संगणकावर चालणाऱ्या लेथच्या) जागेसाठी एक नमुना घ्या. शिफ्ट सुरू झाल्यावर पहिल्या तासात बाहेरचा व्यास मर्यादेबाहेर जात होता. पहिल्या तासाचे पीस तपासून नोंद ठेवायचं काम उमेदवाराकडे होतं. नोंदीवरून दिसलं की मशीन गरम झाल्यावर साइज स्थिरावते. म्हणून शिफ्टच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं स्पिंडल रिकामा फिरवायचा आणि पहिल्या तासात दर दहाव्या पीसला मोजून ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली टूलची दुरुस्ती) बघायचा, असं सुपरवायझरला सुचवलं. रिजेक्शन शिफ्टला बारा पीसवरून तिनावर आलं. उत्तर इथे संपतं, पण खरी मुलाखत इथून सुरू होते. कशाने मोजलं? मायक्रोमीटरने. लीस्ट काउंट (त्याने मोजता येणारं सर्वांत छोटं माप) किती? 0.01 मिलिमीटर. टूल झिजलं नव्हतं हे कसं कळलं? टूल झिजलं असतं तर साइज शिफ्टभर एकाच दिशेने सरकत गेली असती, इथे तासाभराने ती थांबत होती. हे शेवटचं उत्तर देणारा मुलगा शॉप फ्लोअरवर खरोखर उभा राहिलाय हे पॅनेलला लगेच कळतं. दुसऱ्याचा प्रसंग उसना आणला तर याच तिसऱ्या प्रश्नाला पितळ उघडं पडतं.

रविवार याच कारणासाठी मोलाचा. दोघांचं पॅनेल, वीस मिनिटं मुलाखत, मग पाच मिनिटं सूचना, सगळं मोबाइलवर चित्रित करून उमेदवाराला दिलं जातं. पॅनेलमधला एक जण कारखान्यात काम केलेला असतो आणि तो उलटे प्रश्न सोडत नाही. व्हर्नियर हातात देऊन रीडिंग घ्यायला लावतो, 0.02 लीस्ट काउंट कुठून आला ते विचारतो, फाइव्ह एस (कामाची जागा नीट ठेवायची पाच पायऱ्यांची पद्धत, पहिली नको ते बाजूला काढायची) म्हणजे काय हे न विचारता ‘तुझ्या वर्कशॉपमध्ये पहिला एस कसा केला असता’ असं विचारतो. चित्रफीत घरी दोनदा बघा: एकदा आवाज बंद करून फक्त बसणं, हात आणि नजर, आणि एकदा चित्र न बघता फक्त आवाज.

दोन गोष्टी रविवारीही खटकतात. पहिली म्हणजे सराव एरवी इंग्रजीतच होतो. सातपूर-अंबडमध्ये ऑपरेटर, मेंटेनन्स, क्वालिटी इन्स्पेक्टर अशा जागांसाठी बरीचशी बोलणी मराठी-हिंदीतच होतात, तांत्रिक शब्द तेवढे इंग्रजी. तोडक्या इंग्रजीत अडखळणारा मुलगा मराठीत तीच गोष्ट स्वच्छ सांगतो. आग्रहाने मागितलं तर पॅनेल मराठीत घेतं, तेव्हा मागाच. दुसरी म्हणजे बॅचचा आकार. दोन पॅनेलनी पाच तास काम केलं तर पंचवीस मिनिटांच्या हिशेबाने चोवीस जण होतात. बॅच चाळीसची झाली की प्रत्येकाच्या वाट्याला सूचनांसकट पंधरा मिनिटं उरतात आणि उलटे प्रश्नच गळतात. फी भरण्याआधी बॅचमध्ये किती जण आहेत ते विचारा. पंचविसाच्या वर असतील तर पुढच्या आठवड्याची वाट बघा.

पगाराच्या प्रश्नाला वहीत ‘कंपनीच्या नियमानुसार’ एवढंच आहे. हे उत्तर नाही. आकडा सांगावा लागतो आणि तो सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) की हातात येणारा, हे आधी कळावं लागतं. एक हिशेब मांडतो. एकूण मासिक पगार 20,000, त्यात मूळ पगार 12,000, आणि पीएफ व ग्रॅच्युइटी मूळ पगारावर, ईएसआय (कामगार विमा) एकूण पगारावर धरलाय. कंपनीचा पीएफ 12 टक्क्यांनी 1,440, ईएसआय 3.25 टक्क्यांनी 650, ग्रॅच्युइटी 4.81 टक्क्यांनी 577. म्हणजे कंपनी कागदावर सीटीसी 22,667 दाखवते. तुमच्या पगारातून पीएफ 1,440, ईएसआय 0.75 टक्क्याने 150 आणि व्यवसाय कर 200 कापला जातो. हातात 18,210. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 असतो म्हणून शंभर कमी. महिलांना महाराष्ट्रात महिना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यांच्या हातात 18,410 येतात. ‘तेवीस हजारांची ऑफर’ ऐकून घरी सांगायच्या आधी हे करून बघा. त्यातून सिन्नर किंवा गोंद्याला कंपनीची बस आहे का, कॅन्टीनचे पैसे कापतात का, हेही विचारावं. विचारल्याने कोणी नाराज होत नाही.

अनुभव नसलेल्यांसाठी वर्गात एक चांगली सूचना मिळते. 2024 मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत ज्यांनी काम केलंय त्यांनी ते ‘सरकारी योजना’ म्हणून कोपऱ्यात न लिहिता कामाच्या अनुभवात लिहावं: कोणत्या विभागात, कुठलं रजिस्टर, रोज किती नोंदी. शिक्षणात खंड असेल तर महिना-वर्षासकट दोन वाक्यांत कारण आणि त्या काळात काय केलं ते सांगावं. लपवलेला खंड गुणपत्रिकेवरून दिसतोच.

कंपन्यांच्या माहितीची पानं मात्र जुनी वाटतात. त्यावर विसंबू नका. महिंद्राचं काम सातपूरलाही आहे आणि इगतपुरीलाही, तेव्हा आपली जागा कुठल्या प्लांटची आणि तिथे काय बनतं हे कंपनीच्या संकेतस्थळावरून बघून जा. ‘पाच वर्षांनी कुठे असाल’ याचं उत्तर त्यावरच उभं राहतं: ऑपरेटर, मग सेटर (मशीन लावून देणारा), मग प्रोग्रॅमर अशी त्या प्लांटमधली चढण सांगता आली पाहिजे. जुनी नोकरी का सोडताय यावर आधीच्या साहेबाची तक्रार करू नका. सातपूर आणि अंबडमधले एचआरवाले एकमेकांना ओळखतात, फोन जातो.

एका गटाने हा वर्ग लावूच नये: केंद्र सरकारच्या या पदांच्या आणि बँक क्लार्कच्या परीक्षा देणाऱ्यांनी. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’च्या पदांसाठी मुलाखत बंद केली आहे. बँक भरतीच्या आयबीपीएस क्लार्क परीक्षेलाही मुलाखत नाही. त्यांनी ही फी सराव परीक्षांवर खर्च करावी. आयबीपीएस पीओवाल्यांना (बँक अधिकारी पदासाठी बसणाऱ्यांना) मात्र शंभर गुणांची मुलाखत आहे आणि अंतिम यादीत तिचं वजन 20 टक्के, पण तिथे कारखान्याचं पॅनेल उपयोगाचं नाही. बँकेत काम केलेला माणूस पॅनेलवर असेल अशी वेगळी बॅच आहे का, ते फोन करून आधी विचारून घ्या.