पाम हार्टचा डबा घ्यायचा, तर कुठल्या पामचा?

पाम हार्ट म्हणजे पामच्या (ताड-माडासारख्या झाडाच्या) शेंड्यातला वाढता कोंब; तो खाण्यासाठी डबाबंद करून विकतात. तो काढला की ते खोड मरतं, मग पाम कुठलाही असो. म्हणून ‘पाम हार्ट पर्यावरणाला चालतं का’ याला सरसकट उत्तर नाही. खोड गेल्यावर मागे काय उरतं ते बघावं लागतं. बाजारात मुख्यतः तीन पाम येतात: जुसारा, आसाई आणि पुपुन्या.

जुसारा ब्राझीलच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या जंगलात वाढतो. एकच खोड, एकच शेंडा, बुंध्याशी फुटवे नाहीत. कापण्याजोगा व्हायला साधारण आठ-दहा वर्षं लागतात आणि हाती येतात काही शे ग्रॅम. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. टूकनसारखे कितीतरी पक्षी त्याच्या फळांवर जगतात आणि बिया दूरवर पसरवतात. हे नातं फार जुनं आणि नाजूक आहे. मोठे पक्षी जिथून नाहीसे झाले तिथे जुसाराच्या बियाच लहान होत गेल्याचं २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं. लहान बी लवकर सुकते, म्हणजे नवी रोपं आणखी कमी. त्यात फळं धरायच्या आतच झाड तोडलं, तर पुढची पिढी येणार कुठून? ब्राझीलने जुसाराला धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत टाकलं आहे, तरी राखीव जंगलांत चोरटी तोड चालते. असा चोरीचा माल जंगलातच घाईघाईने डबाबंद होतो. पुरेसं आम्ल न घालता भरलेल्या डब्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार होऊ शकतं, हा धोका वेगळाच. जंगलातल्या जुसाराचा कोंब मी कुणालाही घ्या म्हणणार नाही. त्याच्या फळांचा गर मात्र जरूर घ्यावा: झाड उभं राहतं आणि दरवर्षी देतं.

आसाईचं तसं नाही. ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या, भरतीच्या पाण्यात बुडणाऱ्या जमिनीवर त्याची बांबूसारखी बेटं असतात. एक खोड कापलं तरी बेट जगतं. जुसारा विरळ झाल्यावर १९७०च्या दशकात कारखाने इकडे वळले आणि इथेही बेटंच्या बेटं साफ झाली. सावरलं ते आसाईच्या फळाने. फळाची मागणी वाढली, तसं उभं खोड कापलेल्या खोडापेक्षा जास्त कमाई देऊ लागलं. आता पुष्कळ ठिकाणी चढायला अवघड झालेली उंच, जुनी खोडं विरळणीत काढतात आणि कोंब त्यातून मिळतो. ही पद्धत मला पटते. पण फळाच्या हव्यासाने मधली इतर झाडं काढून नुसती आसाई वाढवली जाते, तिथे पाम टिकतो आणि जंगल हरवतं.

पुपुन्या हा दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी फार पूर्वीच माणसाळवलेला पाम. कोस्टा रिका, इक्वेडोर आणि ब्राझीलमध्ये त्याची शेती होते. दीड-दोन वर्षांत पहिली कापणी, मग फुटव्यांवर वर्षानुवर्षं. जंगलातलं एकही झाड पाडावं लागत नाही. खतं आणि तणनाशकं लागतात, एकसुरी शेतीचे तोटेही आहेतच. जंगल तोडून लागवड केली असेल तर सगळाच हिशोब उलटतो. जुन्या कुरणावर किंवा आधीच शेतीखाली असलेल्या जमिनीवर लावलेला असेल, तर तिघांत हाच बरा.

तेव्हा डब्यावर आधी शास्त्रीय नाव शोधा. बॅक्ट्रिस गॅसिपेस म्हणजे पुपुन्या: घ्या. युटर्पी ओलेरेसिया म्हणजे आसाई: कुठून, कशी काढली हे लिहिलेलं असेल आणि प्रमाणपत्र असेल तर घ्या. युटर्पी एड्युलिस म्हणजे जुसारा: लागवडीतला आहे असं स्पष्ट नसेल तर नको. नुसत्या ‘जंगलातून गोळा केलेले’ या शब्दांवर भुलू नका, जुसाराच्या बाबतीत तीच तर तक्रार आहे. इक्वेडोर किंवा कोस्टा रिकाचा माल बहुधा लागवडीतल्या पुपुन्याचाच असतो. जात आणि देश दोन्ही लिहिलेले नसतील, तर डबा परत फळीवर ठेवा.