हिचवरचा सायकल रॅक: आट्यांची कुलूपवाली पिन घ्याच

आधी निकालच सांगते. गाडीच्या मागे हिचमध्ये, म्हणजे ट्रेलर ओढायच्या चौकटीत, बसणारा सायकल रॅक वापरत असाल आणि तो अजून सोबत आलेल्या साध्या गुळगुळीत पिनवर आणि तिच्या टोकाच्या त्या वाकड्या क्लिपवर चालला असेल, तर रॅकसाठी दुसरं काहीही घ्यायच्या आधी आट्यांची, कुलूप लागणारी पिन घ्या. मला पन्नास डॉलरच्या आत मिळाली. महागडा रॅक, त्यावर त्याहून महाग सायकली, आणि हे सगळं गाडीला धरून ठेवणारी वस्तू कोणीही दोन बोटांनी काढून नेऊ शकतो, हे मला पटतच नाही. पाचपैकी साडेचार तारे, अर्धा का कापला ते खाली येईलच.

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहतो. अलामीडा क्रीक ट्रेल जवळ आहे तिथे सायकल चालवतच जातो, पण सॉयर कॅम्प ट्रेल, सांता क्रूझ, उन्हाळ्यात टाहो असं कुठे जायचं म्हणजे सायकली गाडीवर. गाडीच्या हिचला २ इंची रिसीव्हर, म्हणजे रॅक अडकवायची चौकोनी नळी आहे, त्यात दोन सायकलींचा ट्रेवाला रॅक, एक साधी सायकल आणि एक ई-बाइक. छतावरचा रॅक आम्ही विचारातच घेतला नाही, ई-बाइक डोक्याच्या वर उचलून ठेवणं कुणालाच झेपणार नाही.

ज्यांनी हा प्रकार बघितला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. हिच म्हणजे ट्रेलर ओढायला गाडीच्या खाली चासीला बोल्टने बसवलेली लोखंडी चौकट, तिच्या मधोमध एक चौकोनी पोकळ नळी असते तो रिसीव्हर. रॅकचा दांडा त्या नळीत सरकवायचा आणि दोघांच्या आरपार जाणाऱ्या भोकातून पिन घालायची. आता दांडा आत सरकायचा म्हणजे तो नळीपेक्षा जरासा बारीक असणारच, भोकही पिनपेक्षा जरा मोठंच असणार, त्यामुळे रॅक कितीही भारी असो, थोडी मोकळीक राहतेच. समजा दांडा नळीत २० सेंटीमीटर आत आहे आणि तिथे फक्त दीड मिलिमीटर जागा मोकळी आहे, तर एक मीटर मागे, म्हणजे जिथे बाहेरची सायकल उभी असते तिथे, तीच मोकळीक साडेसात मिलिमीटर होते. आणि तिथे वीस-पंचवीस किलोचं वजन आहे. ८८० हायवेच्या उखडलेल्या पट्ट्यांवरून जाताना मागून जी खडखड ऐकू येते ती हीच, आणि आरशात बघितलं की सायकली मान हलवत असतात. नुसता आवाज असता तर सोडून दिलं असतं पण प्रत्येक धक्क्याला पिन भोकाच्या कडेवर आपटते, भोक हळूहळू लांबट होत जातं, मोकळीक आणखी वाढते.

आट्यांच्या पिनचं काम बघून मला खरंच बरं वाटलं, इतकी साधी आणि डोकेबाज गोष्ट आहे. दांडा पोकळ असतो, त्याच्या आत एक नट असलेली पट्टी सरकवायची, मग रिसीव्हरच्या भोकातून बोल्ट घालून त्या नटात फिरवायचा. पान्याने आवळत गेलं की तो बोल्ट दांड्याला ओढून रिसीव्हरच्या एका भिंतीला चिकटवतो, आणि मोकळीक जिथे होती तिथे लोखंडाला लोखंड दाबून बसतं. बोल्टचं दुसरं टोक पलीकडच्या भोकातून बाहेर येतं, त्यावर दाबून बसणारं छोटं कुलूप. कुलूप असेपर्यंत पिन मागे फिरवून काढता येत नाही. म्हणजे हलणं आणि चोरी, दोन वेगळ्या कटकटी एका वस्तूत मिटतात. साधी कुलूपवाली पिन, ती डंबेलसारखी दिसणारी, चोरीपुरती ठीक आहे पण खडखड तशीच राहते. आणि नळीच्या तोंडाशी यू-बोल्टने आवळायची जी पट्टी मिळते ती हलणं छान थांबवते पण तिला कुलूप नाही, ती वापरायची तर कुलूपवाली पिन वेगळी घ्या.

घ्यायच्या आधी माप मात्र नीट बघा. १.२५ इंची रिसीव्हरला अर्धा इंच जाडीची पिन लागते आणि २ इंचीला ५/८ इंच. बाजारात अर्धा इंची पिनवर नळकांडं चढवून ती दोन्हीकडे चालते असं विकतात, मी ती घेणार नाही, जी मोकळीक घालवायला आपण पैसे देतोय तीच परत आणायची कशाला. काही रॅकच्या दांड्यात नट आधीच वेल्ड करून येतो, तिथे आतली पट्टी बसणार नाही, त्या नटाच्या आट्यांना जुळणारा कुलूपवाला बोल्ट रॅकच्याच कंपनीकडून मागवा. दांडा भरीव असेल तरी ही पिन चालत नाही. आणि थुले, कुआट, याकिमा यांच्या वरच्या रॅकमध्ये दांड्याच्या टोकाशीच फुगणारी पाचर असते, मागची मूठ फिरवली की ती आतून नळीला दाबून बसते आणि मुठीलाच कुलूप असतं. त्यांना या पिनची गरज नाही. फक्त ती मूठ अधूनमधून हाताने तपासायची, पाचरसुद्धा धक्क्यांनी ढिली होऊ शकते.

बसवायला दोन माणसं असतील तर उत्तम. आतली नटाची पट्टी आधी दांड्यात घालून भोकाशी आणायची, मग दांडा रिसीव्हरमध्ये सरकवायचा, बोल्ट पहिले काही आटे हातानेच फिरवायचा, हाताने जात नसेल तर वाकडा लागलाय, काढून परत लावायचा, पान्याने जबरदस्ती केली की आटे मेलेच. मग एकाने रॅकचं मागचं टोक धरून हलवत राहायचं आणि दुसऱ्याने आवळत जायचं. हे हलवणं महत्त्वाचं आहे कारण रॅक आपल्या वजनाने खाली लोंबत असतो आणि तसाच आवळला तर बोल्ट घट्ट लागतो पण दांडा तिरका बसतो, पुढे दोन खड्ड्यांत तो जागेवर येतो आणि बोल्ट ढिला होतो. स्प्रिंग वॉशर विसरू नका. किती जोरात आवळायचं ते सोबतच्या कागदावर दिलेलं असतं, तेवढंच, त्याहून जास्त नाही. मग सायकली चढवायच्या आधी रॅक धरून जोरात हलवा: रॅक एकटा हलता कामा नये, रॅकबरोबर सगळी गाडी हलली पाहिजे. ही एक परीक्षा मी प्रत्येकाला सांगते. आणि निघाल्यावर थोड्या मैलांवर पहिल्या पेट्रोल पंपावर उतरून परत एकदा पाना लावून बघायचा. पहिल्यांदा तो थोडा फिरतोच.

आता चोरीचं. इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, कारण ओळखीतले बहुतेक लोक यात समाधान मानतात. रॅकमधून बाहेर ओढायची जी बारीक केबल असते ना कुलूपवाली, ती सुरक्षा नाही. साध्या बोल्ट कटरने ती एका दाबात तुटते. कॉफी घ्यायला आत गेलात आणि काचेतून गाडी दिसतेय तेवढ्यापुरती ठीक. पिनला कुलूप लावलं तर रॅक सायकलींसकट उचलून नेता येत नाही, हा मोठा फायदा, पण सायकली रॅकवरून सुटू शकतात आणि रॅकचे ट्रेसुद्धा बहुतेक साध्या एलन बोल्टने जोडलेले असतात, ज्याच्याकडे पाने आहेत तो ते खोलतो. त्यामुळे मी काय करते, जाड कडक पोलादाची साखळी दोन्ही सायकलींच्या फ्रेममधून घेते, चाकातून नाही, फ्रेममधून, आणि तिचं टोक हिचच्या कडीतून ओवते. रिसीव्हरच्या दोन बाजूंना ट्रेलरच्या सेफ्टी चेन अडकवायला जाड कड्या किंवा भोकं असतात, ती हिचच्या चौकटीचाच भाग असतात. साखळी तिथे गुंतवली की सायकल न्यायची तर साखळीच कापायला लागते, नुसता रॅक खोलून भागत नाही. लोकांना ही कडी तिथे आहे हेच माहीत नसतं, आज पार्किंगमध्ये खाली वाकून बघा. चालू गाडीत मात्र साखळी लोंबू देऊ नका, रस्त्याला घासेल आणि फ्रेमवर आपटेल, थांबल्यावर लावायची.

तरीही बॅटरीवर चालणाऱ्या ग्राइंडरपुढे यातलं बहुतेक काही फार वेळ टिकत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत रात्रभर सायकली गाडीवर ठेवायच्या नाहीत, कुठलीही पिन असो, हॉटेलच्या खोलीत न्यायच्या. खोलीत नेता येणार नसतील तर मी त्या हॉटेलात राहत नाही. सायकल उलटी करून पेडलच्या आसाखाली कोरलेला नंबर असतो त्याचा फोटो काढून ठेवा आणि बाइक इंडेक्स या सायकलींची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर फुकट नोंदवा, सायकल कुठे सापडली तर तुमची आहे हे दाखवायला तो नंबरच लागतो.

वजनाचंही बघायला हवं कारण पिन कितीही घट्ट असली तरी हिचच कमी ताकदीचा असेल तर काय उपयोग. क्लास १ च्या, म्हणजे सगळ्यात हलक्या वर्गाच्या, हिचवर उभं वजन २०० पाउंडपर्यंतच चालतं. रॅक स्वतः पन्नासेक पाउंड, दोन ई-बाइक प्रत्येकी साठ, झाले १७० आणि हे सगळं गाडीपासून लांब लटकलेलं, त्यामुळे खड्ड्यात बसणारा हिसका त्याहून कितीतरी जास्त. ई-बाइकची बॅटरी काढून गाडीत ठेवा, वजन कमी होतं आणि चोराला ती मिळतही नाही. १.२५ ला २ इंची करणारा अडॅप्टर किंवा लांबी वाढवणारा तुकडा लावायचा असेल तर आधी रॅकच्या पुस्तिकेत बघा, पुष्कळ कंपन्या सरळ नाही म्हणतात. एक जोड वाढला म्हणजे मोकळीक असलेली आणखी एक जागा वाढली, आणि त्यालाही अशीच पिन लागणार.

आता अर्धा तारा. कुलूप फार छोटं आहे आणि चाकांनी उडालेलं पाणी, माती, टाहोच्या रस्त्यावर बर्फासाठी टाकलेलं मीठ, सगळं त्याच्यावरच येतं. सोबतचं रबरी टोपण लावलं नाही तर चावी अडकायला लागते. मी हिवाळ्यात महिन्यातून एकदा कुलपात कोरडं वंगण मारते, तेलकट नाही कारण त्याला धूळ चिकटते, आणि बोल्टच्या आट्यांना थोडं अँटी-सीझ, म्हणजे आटे गंजून अडकू नयेत म्हणून लावायचं मलम. शिवाय पाना सतत गाडीत बाळगावा लागतो. ज्यांना दर शनिवारी रॅक काढायचा-घालायचा असतो त्यांना हे आवळणं-सोडणं कंटाळवाणं होईल, त्यांनी जास्त पैसे घालून मुठीचा पाचरवाला रॅकच घ्यावा. आमचा उन्हाळाभर तसाच असतो त्यामुळे त्रास नाही. फक्त रिकामा रॅक दुमडून उभा केला की नंबरप्लेट झाकली जाते का ते मागे उभं राहून बघा, कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याप्रमाणे प्लेट स्पष्ट दिसायला हवी, आणि गोल्डन गेट पुलावर तर २०१३ पासून रोख टोल घेणं बंदच आहे, प्लेटच्या फोटोवर बिल येतं.

पिनबरोबर दोन चाव्या येतात. एक घरी ठेवा, दुसरी गाडीच्या जुडग्यात, आणि चावीवर कोरलेल्या नंबरचा फोटो फोनमध्ये. चावी हरवली आणि नंबर नसेल तर ते कुलूप तुम्हालाच ग्राइंडरने कापायला लागेल, तेही गाडीच्या खाली, सायकली वर असताना.