दोन महिन्यांत नोकरी सोडली तर ईपीएफओचे पोर्टल किती कामाचे?

नवी नोकरी दोन-तीन महिन्यांत सोडताना लोक पगाराचा, नोटीस पिरियडचा, अनुभवपत्राचा विचार करतात. पीएफ आठवतो तो पुढच्या कंपनीच्या एचआरने यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, मागितल्यावर. तोवर आधीच्या कंपनीशी बोलणे बंद झालेले असते, कधी कधी कटुताही आलेली असते. अशा माणसाला ईपीएफओचे, म्हणजे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेचे, मेंबर पोर्टल कितपत साथ देते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. वीस वर्षे एकाच ठिकाणी काढलेल्याचा अनुभव वेगळा असतो. त्याला पोर्टलची गरज क्वचितच पडते.

आधी निकाल सांगून टाकतो. नोकरी सोडल्याची तारीख स्वतः भरण्याची सोय फार चांगली आहे आणि तिच्यामुळेच बाकीचे सगळे सुरळीत होते. पैसे नव्या खात्यात वळवण्याचे काम आता बरेच सोपे झाले आहे. नावातल्या चुका दुरुस्त करताना मात्र अजून दमछाक होते. आणि दोन-तीन महिन्यांचे पैसे काढून घेण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नये.

आकडे लहान वाटतात, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) १५,००० रुपये असेल तर तुमच्या पगारातून १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात. कंपनीही १,८०० भरते, पण त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ५५० पीएफमध्ये. तीन महिन्यांत पीएफमध्ये ७,०५० आणि पेन्शनकडे ३,७५०, असे एकूण १०,८०० रुपये जमा होतात. सोडून द्यावेत इतके हे कमी नाहीत. नोटीस पिरियड पूर्ण केला नाही म्हणून कंपनी शेवटच्या हिशेबात करारानुसार वजावट करू शकते, पण पीएफच्या खात्याला तिला हात लावता येत नाही. कंपनीने भरलेला हिस्साही तुमचाच.

आता पहिला प्रश्न: आपली नोंद मुळात झाली आहे का? कंपनी दर महिन्याचा भरणा, म्हणजे ईसीआर, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करते. वीसच दिवस काम केले, पण त्या दिवसांचा पगार आणि पीएफ भरला गेला, तर तुमच्या यूएएनखाली त्या कंपनीचा एक मेंबर आयडी, म्हणजे त्या नोकरीपुरता पीएफ खाते क्रमांक, तयार झालेला असतो. लॉगिन करून 'व्ह्यू'मधल्या 'सर्व्हिस हिस्टरी'वर गेले की तो दिसतो. पासबुकाची साइट वेगळी आहे आणि यूएएन नव्याने सक्रिय केला असेल तर तिथे सहा तासांनंतरच प्रवेश मिळतो. पहिल्या प्रयत्नात 'नोंदणी नाही' आले म्हणून घाबरू नये. लॉगिनचा कंटाळा असेल तर नोंदणीकृत मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल द्यावा. किंवा ७७३८२९९८९९ वर रोमन लिपीत ईपीएफओएचओ, यूएएन आणि एमएआर ही अक्षरे मध्ये जागा सोडून पाठवावीत. उत्तर मराठीत येते. ज्या मोठ्या कंपन्यांचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट आहे, त्यांची शिल्लक या पासबुकात दिसत नाही. ती ट्रस्टकडेच विचारावी लागते.

इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण तिच्यावरून पुढच्या नोकऱ्या अडकतात. बायोडेटातून ती छोटी नोकरी गाळली तरी सर्व्हिस हिस्टरीतून ती गळत नाही. पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्था यूएएनची नोंद मागतात आणि तिथे कंपनीचे नाव, रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख सगळे असते. ही नोंद पुसण्याची सोय पोर्टलवर नाही. मुलाखतीत दोन वाक्यांत खरे सांगणे हाच शहाणपणाचा मार्ग.

आता मुख्य सोय. रागावलेली कंपनी बहुतेक वेळा एकच करते: काहीच करत नाही. सोडल्याची तारीख भरत नाही, आणि ती नसली की पैसे वळवताही येत नाहीत, काढताही येत नाहीत. पूर्वी त्यासाठी कंपनीच्या पाया पडावे लागे. २०२० पासून सदस्याला ही तारीख स्वतः भरता येते. 'मॅनेज'मध्ये 'मार्क एग्झिट' उघडायचे, जुनी कंपनी निवडायची, तारीख आणि कारण भरायचे, आधारशी जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. कंपनीची सही नाही, शिक्का नाही. कारणांच्या यादीत 'सेसेशन (शॉर्ट सर्व्हिस)' निवडायचे. स्वतःहून राजीनामा दिला तरी तेच लागू पडते.

दोन अटी मात्र पक्क्या लक्षात ठेवाव्यात. शेवटचा भरणा झाल्यापासून दोन महिने उलटल्याशिवाय हा पर्याय चालत नाही. आणि तारीख ज्या महिन्याचा शेवटचा भरणा झाला त्याच महिन्यातली असावी लागते. तुम्ही ५ जुलैला सोडले, पण कंपनीने जुलैच्या पाच दिवसांचा पीएफ भरलाच नाही, तर पोर्टल जूनमधलीच तारीख घेते. तिथे जुलैसाठी हट्ट धरण्यात अर्थ नाही. पाच दिवसांचा भरणा हवाच असेल तर आधी तो कंपनीकडून करून घ्यावा आणि मगच तारीख भरावी, कारण 'मार्क एग्झिट'मध्ये एकदा नोंदवलेली तारीख तिथल्या तिथे बदलता येत नाही, त्यासाठी दुरुस्तीचा वेगळा अर्ज करावा लागतो. माझ्या मते या सेवेतला हा सर्वांत मोठा दोष आहे. निदान सात दिवस तिथेच दुरुस्तीची मुभा असायला हवी होती. ती नाही, म्हणून ओटीपी टाकण्यापूर्वी पगारपत्रक, राजीनाम्याची ईमेल आणि नव्या कंपनीचे रुजू पत्र समोर ठेवूनच बसावे.

नव्या कंपनीचे पत्र का? तारखा एकमेकींवर चढू नयेत म्हणून. जुन्या कंपनीने रजा आणि नोटीस धरून सोडल्याची तारीख ३१ लावली आणि तुम्ही नव्या जागी २४ लाच रुजू झालात, तर एकाच वेळी दोन नोकऱ्या दिसतात. घाईने सोडणाऱ्यांच्या बाबतीत हे वारंवार घडते. केवळ या कारणावरून पैसे वळवण्याचा अर्ज नाकारू नये, असे ईपीएफओने मे २०२५ मध्ये आपल्या कार्यालयांना कळवले आहे. पण पार्श्वभूमी तपासणाऱ्याला त्या परिपत्रकाशी देणेघेणे नसते. त्याला एकावर एक चढलेल्या तारखाच दिसतात.

तारीख लागली की पुढचे काम हलके. नव्या कंपनीला तोच यूएएन द्यावा, नवा काढू देऊ नये. आधार जोडलेले असेल तर नव्या कंपनीचा पहिला भरणा झाल्यावर जुनी शिल्लक बऱ्याचदा आपोआप वळते. नाही वळली तर 'ऑनलाइन सर्व्हिसेस'मध्ये 'वन मेंबर – वन ईपीएफ अकाउंट' उघडून अर्ज करावा. १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेला यूएएन आधारशी जोडलेला असेल आणि दोन्ही मेंबर आयडी त्याच यूएएनखाली असतील, तर जानेवारी २०२५ पासून हा अर्ज कंपनीच्या मंजुरीसाठी अडत नाही. पैसे वळल्यावर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसते. त्यात काही चुकलेले नसते. पेन्शनच्या बाबतीत रक्कम नाही, सेवेचा काळ पुढे जातो. तो काळ जपावा. पेन्शनला दहा वर्षे लागतात आणि सहा महिने किंवा जास्त उरले तर ते पूर्ण वर्ष धरले जाते. शेवटी गणित जेमतेम बसत असेल तर हे तीन महिने कामी येतात.

पैसे काढूनच घ्यायचे असतील तर फॉर्म १९ पीएफसाठी आणि फॉर्म १०सी पेन्शनसाठी, दोन्ही वेगवेगळे भरावे लागतात. बरेच लोक पहिलाच भरतात आणि पेन्शनचे पैसे तसेच राहतात. सहा महिन्यांपेक्षा कमी सेवा असेल तर पेन्शनचे काहीच परत मिळत नाही, ही समजूत आता जुनी झाली. जून २०२४ च्या दुरुस्तीनंतर तेही महिन्यांच्या हिशेबाने मिळते. पाच वर्षांच्या आत काढलेली रक्कम ५०,००० किंवा जास्त असेल तर १० टक्के टीडीएस कापला जातो, पॅन नसेल तर २० टक्के. रक्कम लहान असली तरी करसवलतीसाठी लागणारी पाच वर्षांच्या सलग सेवेची साखळी तुटते, म्हणून काढू नये असे माझे ठाम मत आहे. शिवाय नवी नोकरी लागलेली असताना अंतिम रक्कम मागताच येत नाही. बेरोजगारीची अट आजवर दोन महिन्यांची होती. १३ ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत केंद्रीय विश्वस्त मंडळाने ती पीएफसाठी १२ आणि पेन्शनसाठी ३६ महिने करण्याचा निर्णय घेतला, ७५ टक्के रक्कम लगेच काढण्याची मुभा ठेवून. अर्ज करताना पोर्टलवर लागू असलेली मुदत पाहूनच पुढे जावे.

नाव हा आपल्याकडचा खास त्रास. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचे नाव नुसत्या आद्याक्षरात, आणि लग्नानंतर बँकेत वेगळेच. कंपनीने रुजू करताना दाखल्यावरून नाव घातले असेल तर अर्ज परत येतो. म्हणून नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, सोडण्याचा विचारही नसताना, पोर्टलवर नाव, जन्मतारीख आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव आधारशी ताडून घ्यावे. बँकेचा आयएफएससीही तपासावा. बँक दुसरीत विलीन झालेली असेल तर जुना क्रमांक टाकल्याने पैसे परत जातात.

पगारातून कापले पण भरलेच नाही, असा संशय असेल तर ईपीएफओच्या साइटवर 'एस्टॅब्लिशमेंट सर्च'मध्ये कंपनीचे नाव टाकून कोणत्या महिन्याचा किती भरणा झाला आणि किती कर्मचाऱ्यांचा, हे कुणालाही पाहता येते. त्या पानाचा स्क्रीनशॉट आणि कपात दाखवणारे पगारपत्रक जोडून ईपीएफआयजीएमएस या ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करावी. समोरासमोर बोलायचे असेल तर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर भरते. २७ ला सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. जाताना आधार, पगारपत्रके, राजीनाम्याची ईमेल आणि पासबुकाची छापील प्रत सोबत न्यावी.