एनीवन कॅन व्हिसल: ९ प्रयोगांचं नाटक, ३ रेकॉर्डिंग, आधी कुठलं ऐकायचं?

स्टीफन साँडहाइम, म्हणजे अमेरिकन म्युझिकलचा (गाण्यांच्या नाटकांचा) संगीतकार-गीतकार, म्हटलं की लोकांना स्वीनी टॉड आठवतं, इन्टू द वूड्स आठवतं, त्याच्याच एनीवन कॅन व्हिसलचं नाव काढलं तर "हे कुठलं आता?" असा चेहरा होतो. होणारच. ४ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मॅजेस्टिक थिएटरात उघडलं आणि ११ ला बंद, एकूण प्रयोग ९. आपल्याकडे कसं, नाटक कधी बघितलंही नसतं पण त्यातली पदं घरात लहानपणापासून वाजत असतात, तसंच ह्याचं झालंय, नाटक गेलं आणि गाणी राहिली. आणि गंमत म्हणजे आठवडाभर चाललेल्या नाटकाची आज तीन रेकॉर्डिंग मिळतात, त्यामुळे नवीन माणूस हमखास गोंधळतो. मी गेले पंधरा दिवस तिन्ही आलटून पालटून ऐकतेय, घरचे वैतागलेत.

गोष्ट थोडक्यात सांगते कारण त्याशिवाय गाण्यांना अर्थच लागत नाही. एक गाव दिवाळखोर झालंय, का तर तिथे जी वस्तू बनायची ती कधी झिजायचीच नाही, मग दुसरी कोण घेणार! तिथली मेयरबाई कोरा आणि तिचे चमचे मिळून खडकातून पाणी काढायचा खोटा चमत्कार उभा करतात, यात्रेकरू पैसे घेऊन यायला लागतात. मग फे नावाची नर्स वेड्यांच्या इस्पितळातले पेशंट घेऊन तिथे येते आणि ते गर्दीत असे मिसळतात की वेडा कोण शहाणा कोण कुणालाच कळत नाही, तेवढ्यात हॅपगुड नावाचा एक माणूस येतो आणि लोक त्यालाच डॉक्टर समजतात. स्क्रिप्ट आणि दिग्दर्शन दोन्ही आर्थर लॉरेन्ट्सचं. तीन अंकी, आणि खरं सांगायचं तर विस्कळीतच.

पहिलं रेकॉर्डिंग १९६४ चं, कोलंबिया ह्या रेकॉर्ड कंपनीचं. शेवटचा प्रयोग शनिवारी झाला आणि रविवारी सगळे स्टुडिओत. पडलेल्या नाटकाची रेकॉर्ड काढायला कुठलीही कंपनी सहसा पुढे येत नाही, पण कोलंबियाच्या गोडार्ड लीबरसन ह्या माणसाने तरी काढली, आणि त्याने ती काढली नसती तर पुढची दोन झाली असती असं मला अजिबात वाटत नाही. अँजेला लान्सबरी कोरा आहे, तिचं पहिलंच म्युझिकल, आणि फेच्या भूमिकेत ली रेमिक, हॅपगुड म्हणजे हॅरी गार्डिनो. ह्यातलं कुणी कसलेलं गायक नाही. गार्डिनोचा आवाज तर जागोजागी बसलेला ऐकू येतो, रेमिक काही सूर नुसते धरून ठेवते. पण टायटल साँग ऐका. अवघड गोष्टी मला जमतात, ज्या सगळ्यांना सहज येतात त्याच जमत नाहीत, असं म्हणणारी ती नर्स, आणि रेमिकचा तो साधा, जरा घाबरलेला आवाज, त्यात गायकी नाही म्हणूनच ते गाणं खरं वाटतं. आणि लान्सबरीचं ए परेड इन टाउन, सगळा गाव दुसऱ्याच्या मागे नाचत चाललाय आणि मेयरबाई एकटी उभी, ते ऐकून पुढे हिला एवढ्या म्युझिकल का मिळाल्या ते न सांगता कळतं. वाद्यांची मांडणी डॉन वॉकरची, व्हायोलिन नाहीतच, चेलो पाच, त्यामुळे सगळ्याला एक खरखरीत गडद रंग आहे जो हेडफोनवर जास्त कळतो.

तोटा असा की संवाद जवळजवळ नाहीत आणि नाचाचं संगीतही बरंच कापलंय, तेव्हा गोष्ट कळत नाही. सिंपल नावाचा दहा मिनिटांच्या वरचा एक मोठा प्रकार आहे, हॅपगुड एकेकाची उलटतपासणी घेतो तो, तो मात्र बऱ्यापैकी शाबूत आहे. देअर वोन्ट बी ट्रम्पेट्स हे प्रीव्ह्यूच्या, म्हणजे उद्घाटनाआधीच्या प्रयोगांच्या वेळीच नाटकातून काढलेलं गाणं, एलपीवर नव्हतं पण नंतरच्या सीडीवर रेमिकच्याच आवाजात आहे, म्हणून जुन्या एलपीच्या मागे लागण्यापेक्षा सीडी नाहीतर स्ट्रीमिंग बघा.

दुसरं १९९५ चं, कार्नेगी हॉलमधला कॉन्सर्ट, एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीसाठी केलेला. बर्नाडेट पीटर्स फे, मॅडेलिन कान कोरा, स्कॉट बाकुला हॅपगुड, आणि निवेदनाला खुद्द लान्सबरी. लाइव्ह असल्यामुळे लोक हसतात, टाळ्या पडतात, आणि ह्या नाटकाला ते हसू फार लागतं, कारण स्टुडिओत अर्धे विनोद पडूनच राहतात. आवाज म्हणाल तर तिन्हींत पीटर्सच सरस, देअर वोन्ट बी ट्रम्पेट्स तिच्याकडूनच ऐकावं. कानची कोरा जास्त मजेशीर आहे पण कमी धोकादायक, लान्सबरीची कोरा तुमचं गाव खरंच विकून टाकेल अशी वाटते, कानची फार तर उधारी बुडवेल. बाकुला ठीक.

तिसरं 'जे रेकॉर्ड्स' (JAY Records) ह्या कंपनीचं, दोन सीडींचं, संपूर्ण रेकॉर्डिंग. नव्वदच्या दशकात सुरू केलेलं आणि बाहेर आलं कधी तर डिसेंबर २०२० मध्ये! मारिया फ्रीडमन फे, जॉन बॅरोमन हॅपगुड, ज्युलिया मॅकेन्झी कोरा (लान्सबरी आणि मॅकेन्झी दोघीही पुढे पडद्यावर मिस मार्पल, अगाथा ख्रिस्तीची ती हेर म्हातारी, झाल्या, कोरा झालेल्या बायकांना खुनी शोधायला लावायची काय पद्धत आहे कळत नाही). निवेदन लॉरेन्ट्सचं स्वतःचं, तो २०११ मध्येच गेला, म्हणजे हा आवाज आपल्यापर्यंत पोचला तो तो गेल्यानंतर नऊ वर्षांनी. नाचाचं संगीत पूर्ण आहे, पेशंटना पकडायला धावतात तो कुकी चेस नावाचा वॉल्ट्झचा भलामोठा तुकडा इथेच नीट ऐकायला मिळतो आणि तो फार सुंदर आहे. फ्रीडमन मन लावून गाते. पण सगळं इतकं स्वच्छ, इतकं नेटकं की वेडेपणा पुसला गेल्यासारखा वाटतो, आणि पूर्ण ऐकल्यावर हेही कळतं की नाटक का पडलं असेल, मधे मधे फारच लांबतं हो.

एक अडचण तिन्हींना आहे. फे फ्रेंच बाई बनून येते आणि हॅपगुडशी लाडीगोडी करते त्या कम प्ले विझ मीच्या प्रसंगात स्टेजवर त्यांच्या फ्रेंच बोलण्याला सबटायटल्स दाखवायचे, निम्मी गंमत डोळ्यांची, ती रेकॉर्डवर कशी येणार.

मग घ्यायचं कुठलं? साँडहाइम आधी फारसा ऐकला नसेल तर १९९५ चं लावा, हसू आहे, निवेदन आहे, हरवणार नाही. नाटक बसवायचा विचार असेल किंवा संगीताचा अभ्यास करत असाल तर 'जे रेकॉर्ड्स'चं घ्यावंच लागेल. आणि एकच ठेवायचं असेल तर मी १९६४ चं ठेवेन, बसलेल्या आवाजासकट. शेवटाकडचं विथ सो लिटल टू बी शुअर ऑफ, निरोपाचं गाणं, रेमिक आणि गार्डिनोने गायलंय ते नाटक बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, उद्या कामावर जायचं नाहीये हे माहीत असताना. पीटर्स ते चांगलं गाते, फ्रीडमन तर त्याहून, पण त्या दोघींना निरोपाचा अभिनय करावा लागलाय.