सिलिअ‍ॅक असलेल्या घरात घरघंटी: पैसे वसूल होतात, पण एका अटीवर

सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार. त्याचं निदान झालं की घरात पहिला प्रश्न पिठाचा येतो. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी यांत ग्लूटेन नसतं. पण गिरणीतून दळून आणलेलं ज्वारीचं पीठ ग्लूटेनमुक्त असेलच असं नाही. ज्वारी-बाजरीची चक्की वेगळी असली तरी शेजारच्या चक्कीवर दिवसभर गहू दळला जातो, त्याचं पीठ हवेत उडत असतं. शिवाय ज्या कापडी बाहीतून पीठ डब्यात पडतं, तिच्या आत आधीच्या दळणाचा थर बसलेला असतो. अशा घरासाठी 1 एचपीची घरगुती घरघंटी ही कामाची खरेदी आहे. अट एकच: तिच्यात गहू कधीही, एकदासुद्धा, पडता कामा नये.

एवढी कडक अट कशासाठी, ते आकड्यांवरून कळेल. आपल्याकडे पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. गव्हाचा दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा असतो आणि त्यात 4 मिलिग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असतं. म्हणजे किलोभर ज्वारीत गव्हाचे पाच दाणे आले की मर्यादा गाठलीच. चमचाभर पिठाची तर गोष्टच सोडा.

म्हणून घरघंटी नवीच घ्या. जुनी स्वस्तात मिळते, पण तिची कापडी फिल्टर पिशवी, रबरी पट्ट्या आणि दळणाच्या कप्प्यातले सांधे धुऊन पूर्ण निघत नाहीत. नवीन घेतानाही एक गोष्ट दुकानदाराला आधीच बजावून ठेवा. यंत्र बसवायला येणारा माणूस ‘चालवून दाखवतो’ म्हणत हमखास गहू मागतो, कधी बरोबरच घेऊन येतो. त्याच्या हातात तांदूळ द्या. कारखान्यात चाचणीसाठी काय दळलं होतं ते आपल्याला कळत नाही, त्यामुळे सुरुवातीला दोन किलो तांदूळ दळून ते पीठ घरात वापरू नका. मग कप्पा कोरड्या ब्रशने झाडा आणि फिल्टरची पिशवी धुऊन कडक वाळवा.

आता दळण. जाळ्यांचे क्रमांक कंपनीगणिक बदलतात, तेव्हा क्रमांकापेक्षा छिद्राकडे बघा. भाकरीला सर्वांत बारीक किंवा तिच्यानंतरची जाळी. नाचणी आणि राजगिऱ्याला कायम सर्वांत बारीकच, नाहीतर दाणे अख्खेच खाली येतात. ज्वारी धुतली असेल तर ती खडखडीत वाळलेली हवी. ओलसर धान्याने जाळी लिंपते, मोटर गुरगुरते आणि पीठ तापतं. शेंगदाणे, तीळ, सोयाबीन यांच्या तेलानेही जाळी बुजते, ते यात नकोतच. दळण झाल्यावर गरम पीठ लगेच डब्यात भरू नका. परातीत पसरून निवू द्या, नाहीतर वाफ धरते.

या यंत्राची उणी बाजूही आहे. यात पाती दाणे फोडतात, दगडासारखं घासून दळत नाहीत. त्यामुळे पीठ किंचित कणीदार येतं आणि भाकरी थापताना कडेने चिरते. उकळतं पाणी घालून पीठ दहा मिनिटं झाकून ठेवलं आणि मग हाताने भरपूर मळलं, की फरक पडतो. आवाज मोठा आहे, पीठही थोडं उडतं. याउलट ताज्या दळणाचा फायदा निर्विवाद. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते; बाजरीचं तर आठवड्यातच कडवट लागायला लागतं. दर आठवड्याला दीड-दोन किलो दळणं हाच चांगला शिरस्ता.

यंत्र कितीही स्वच्छ असलं तरी सुटं धान्य निवडल्याशिवाय त्यात टाकू नये. दुकानात एकच माप गव्हाच्या पोत्यातून ज्वारीच्या पोत्यात जातं. ज्वारी ताटात एकेरी पसरा. गोल दाण्यांत लांबट, मधोमध खाच असलेला गहू लगेच दिसतो. नुसतं पाखडून तो जात नाही, वेचूनच काढावा लागतो. थालीपिठाच्या भाजणीतला गहू वगळून ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धणे, जिरे एवढ्यावर ती उत्तम होते. हिंग मात्र वेगळा तपासा. बांधणीच्या हिंगात बहुधा मैदा असतो.

घरातले बाकीचे पोळ्या खात असतील तर त्यांची कणीक बाहेरूनच दळून आणा. तिचा डबा, चाळणी, परात आणि पोळपाट-लाटणं वेगळं ठेवा, आणि कणीक चाळायची ती घरघंटीपासून लांब.

नुसतं पोट फुगतं म्हणून गहू सोडायच्या विचारात असाल, तर हा खर्च आत्ता करू नका. आधी डॉक्टरांना विचारून टीटीजी-आयजीए ही सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घ्या, आणि तीही गहू खाणं चालू असतानाच. गहू आधीच बंद केला तर तपासणी खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. सिलिअ‍ॅक नसेल आणि गहू नुसता सोसत नसेल, तर गिरणीतल्या वेगळ्या चक्कीवर दळलेली ज्वारी बहुतेकांना चालून जाते.