मॅस्टॉइड शिकवायला सिम्युलेटर घ्यावा की टेम्पोरल बोन लॅब उभारावी?

ईएनटी विभागाला थोडा निधी मिळालाय, रेसिडेंटचा हात मॅस्टॉइडवर (कानामागचं हाड, शस्त्रक्रियेत ते ड्रिलने कोरतात) बसवायचाय, आणि घोळ असा की सिम्युलेटर घ्यायचा की देहदानातून आलेल्या टेम्पोरल बोनवर (कवटीचं कानाकडचं हाड, मॅस्टॉइड त्याचाच भाग) सराव करायची लॅब उभी करायची. माझं मत आधीच सांगून टाकतो. मोठी रक्कम लॅबवर घाला, पण पहिल्यांदा ड्रिल धरणाऱ्याला थेट हाडावर बसवू नका.

मला तसंच बसवलं होतं. पहिल्याच हाडात माझा कटिंग बर (ड्रिलचं कापणारं टोक) सिग्मॉइड सायनसमध्ये, म्हणजे मेंदूकडचं रक्त वाहून नेणाऱ्या मोठ्या शिरेत, घुसला. चूक कळली, पण लगेच पुन्हा करून बघायची सोय नव्हती. पुढचं हाड मिळायला काही महिने गेले. एका देहात टेम्पोरल बोन दोनच, आणि तीही कुणीतरी देहदान केलं म्हणून आपल्या हाती येतात. ती अशी वाया घालवल्याचं मला आजही वाईट वाटतं.

सिम्युलेटरवर सायनस फुटला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं, हवं तितक्या वेळा. (डोळ्यांवर चढवायचा हेडसेट मनात आणू नका. यातले बरेचसे म्हणजे एक स्क्रीन आणि हाताला रेटा देणारं पेनासारखं हॅप्टिक यंत्र.) हाम्बुर्गचा व्हॉक्सेल-मॅन विकत घ्यावा लागतो. डेन्मार्कचा व्हिजिबल इअर सिम्युलेटर फुकट उतरवता येतो. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी आणि हॅप्टिक यंत्र, एवढाच खर्च. स्टॅनफर्डच्या कार्डिनलसिममध्ये तर पेशंटचाच सीटी भरून त्याच कानाची तालीम करता येते. टेगमेन (मेंदूखालचं हाडाचं पातळ छत), सायनस, अँट्रम (मॅस्टॉइडमधली मोठी पोकळी), मग लॅटरल सेमिसर्क्युलर कॅनाल (आतल्या कानातली तोल सांभाळणारी नळी) आणि इन्कस (मधल्या कानातलं छोटं हाड), आणि त्यांच्या खुणेवरून फेशियल नर्व्ह (चेहरा हलवणारी नस): ही वाट पाठ व्हायला याहून चांगलं साधन मी पाहिलेलं नाही.

हात मात्र हाडावरच तयार होतो. उजव्या हातात ड्रिल, डाव्या हातात सक्शन-इरिगेशन. पाणी कमी पडलं की भुगा साचतो, बर तापतो, आणि फेशियलजवळ नुसत्या उष्णतेनेही नर्व्हला इजा होते. टेगमेन पातळ होत आलं की ड्रिलचा आवाज बदलतो. काही हाडं झाली की तो आवाज कानावर पडताच बोटं आपोआप हलकी होतात. स्वस्तातल्या हॅप्टिक पेनाचा रेटा घट्ट कॉर्टिकल हाडासारखा नसतोच, शिवाय डावा हात बहुतेक वेळ मोकळाच राहतो. अर्थात फॉर्मलिनमधलं हाडही सगळं शिकवत नाही. त्यात रक्तस्राव नाही, आणि जिवंत पेशंटमध्ये पातळ हाडाखालून सायनसची जी निळी झाक दिसते, ती तिथे तशी दिसत नाही.

सीटीवरून थ्रीडी प्रिंट केलेली हाडं हा तिसरा मार्ग. हाडातल्या बारीक एअर सेल्समध्ये (हवेच्या पोकळ्यांमध्ये) प्रिंटिंगचं मटेरियल अडकून राहतं, त्यामुळे ड्रिल करताना वेगळंच लागतं. देहदानाची हाडं मिळतच नसतील तर घ्या.

सिम्युलेटर घेतला तर वापरायचा कसा, हेही ठरवून ठेवा. व्हिजिबल इअरवाल्या डॅनिश गटाच्या अभ्यासात एकाच दिवशी सलग केलेल्या सरावापेक्षा काही दिवसांच्या अंतराने केलेला सराव सरस ठरला. म्हणून कार्यशाळेपुरतं यंत्र मांडून नंतर कपाटात ठेवू नका. ड्युटी रूमशेजारी ठेवा. त्यांच्या सिम्युलेटरमध्ये कुठे ड्रिल करायचं ते हिरव्या रंगात दाखवायची सोय आहे. सुरुवातीला तिचा आधार वाटतो, पण रंग बंद केला की शिकणाऱ्याचं काम घसरतं, हेही त्यांनीच दाखवलंय. दोन-तीन वेळा रंग लावून करू द्या, मग बंद करा. रंगाशिवाय चार-पाच मॅस्टॉइड, सायनस आणि ड्युरा (मेंदूवरचं आवरण) न फाडता, करून दाखवले, की लॅबमध्ये सीनियरच्या शेजारी बसवा आणि हाड हातात द्या.